प्लेन्सबरो (न्यू जर्सी) : गोठ्यांचं गाव, भाडेकरूंचं गाव आणि त्याचा कारभार

मिलस्टोनकाठ

न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न इथे अधूनमधून येत असतात. प्लेन्सबरो कसं आहे, शाळा कशा आहेत, फॉक्स रन संकुलात घर घ्यावं की हंटर्स ग्लेनमध्ये. उत्तरंही ठरलेली मिळतात : शाळा उत्तम, देशी किराणा जवळ, न्यूयॉर्कला जायला प्रिन्स्टन जंक्शनची गाडी, भाडं मात्र चढं. यात चुकीचं काही नाही. पण ज्या गावात आपण पाच-दहा वर्षं काढतो, मुलं लहानाची मोठी करतो, त्या गावाची ओळख एवढ्यावर थांबावी हे मला मनापासून खटकतं. म्हणून हा धागा. मी इथे बरीच वर्षं राहते आहे, गावाच्या बैठकांना जाते, आणि जे वाचलं-पाहिलं ते मांडते आहे. भर घाला.

आधी जागा. मिडलसेक्स काउंटीच्या नैऋत्य टोकाला, साधारण बारा चौरस मैलांचं हे गाव. मिलस्टोन नदी ओलांडली की मर्सर काउंटी लागते, म्हणजे वेस्ट विंडसर आणि प्रिन्स्टन. पश्चिम भागातून रूट १ जातो. रूट १ लगतच्या बऱ्याच कचेऱ्यांचा टपालाचा पत्ता 'प्रिन्स्टन' असतो, पण जमीन, पोलीस, कर सगळं प्लेन्सबरोचं. हा घोळ बाहेरून आलेल्याला लवकर उमगत नाही. राज्यभर अशा ५६४ नगरपालिका आहेत. कुठली टाउनशिप, कुठली बरो, कुठली सिटी. लहान असो वा मोठी, प्रत्येकीचा कारभार आपापला.

प्लेन्सबरो १९१९ साली झालं. साउथ ब्रन्सविक आणि क्रॅनबरी या दोन जुन्या टाउनशिपचे तुकडे जोडून, लोकांचं मतदान घेऊन. तोवर इथे शेतं, रेल्वेचा फाटा आणि वॉकर-गॉर्डनची डेअरी होती. ही डेअरी म्हणजे या गावाचा खरा इतिहास आहे, आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे याचं वाईट वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात येणारं दूध भेसळीचं, कधी रोगट गाईंचं असायचं आणि तान्ही बाळं त्यापायी दगावायची. बॉस्टनमध्ये डॉ. थॉमस मॉर्गन रॉच यांच्या पुढाकाराने वॉकर-गॉर्डन कंपनी सुरू झाली ती स्वच्छ, तपासलेलं दूध बाळांना मिळावं म्हणून. १८९७ च्या सुमारास कंपनीने प्लेन्सबरोत गोठे उभे केले. पुढे हेन्री जेफर्स यांनी इथेच 'रोटोलॅक्टर' नावाचं यंत्र बसवलं, साल १९३०. मोठा गोल चबुतरा, त्यावर पन्नास गाई. चबुतरा संथपणे फिरत राहायचा, एक फेरी साडेबारा मिनिटांची. गाय चढली की कोमट पाण्याने तिची कास धुवायची, स्वच्छ टॉवेलने पुसायची, पहिल्या धारा हाताने काढून तपासायच्या, मग यंत्र लावायचं. दूध त्या त्या गाईच्या काचेच्या भांड्यात जमा व्हायचं. फेरी पुरी होईपर्यंत धार काढून संपलेली असायची, गाय उतरून आपल्या गोठ्याकडे निघायची आणि मागची तिच्या जागी चढायची. लोक लांबून लांबून हे पाहायला यायचे. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बोर्डेन या दूध कंपनीने रोटोलॅक्टर मांडला. त्याच प्रदर्शनात 'एल्सी' म्हणून जी जर्सी गाय लोकांच्या गळ्यातला ताईत झाली, ती १९४१ साली ट्रकच्या अपघातानंतर गेली आणि तिला प्लेन्सबरोत, वॉकर-गॉर्डनच्या जमिनीत पुरलं. तिचा दगड आजही आहे. आज तिथे वॉकर-गॉर्डन फार्म याच नावाची बंगल्यांची वसाहत आहे.

डेअरी १९७१ साली बंद पडली आणि गावाचं रूप पालटलं. जनगणनेचे आकडे पाहा : १९७० मध्ये लोकसंख्या १,६४८. १९८० मध्ये ५,६०५. १९९० मध्ये १४,२१३. २००० मध्ये २०,२१५. २०२० मध्ये २४,०८४. पन्नास वर्षांत चौदापटीहून जास्त. या वाढीचा मोठा वाटा अपार्टमेंटचा. फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, डियर क्रीक, रेव्हन्स क्रेस्ट, क्वेल रिज ही संकुलं सत्तरच्या दशकापासून उभी राहत गेली. त्याच दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाने रूट १ च्या कडेला फॉरेस्टल सेंटर विकसित करायला घेतलं, कचेऱ्या आल्या, प्रयोगशाळा आल्या. नोव्हो नॉर्डिस्क या औषध कंपनीचं अमेरिकेतलं मुख्यालय इथे आहे. प्रिन्स्टनचं जुनं रुग्णालय मे २०१२ मध्ये नव्या इमारतीत आलं तेही प्लेन्सबरोत. २०१८ पासून ते पेन मेडिसिन या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आरोग्यसंस्थेच्या छत्राखाली आहे.

आपली माणसं आली ती या लाटेवर. २०१० च्या जनगणनेत गावातले सुमारे ४६ टक्के लोक आशियाई वंशाचे होते, आणि त्यात भारतीयांचा वाटा सर्वांत मोठा.

आता कारभार. गाव चालवणाऱ्या टाउनशिप कमिटीत पाच सदस्य. तीन-तीन वर्षांची मुदत, पण सगळ्यांची एकदम संपत नाही, दरवर्षी एक किंवा दोन जागा मतदानाला येतात. मेयर लोक थेट निवडत नाहीत. जानेवारीत हे पाच जण आपल्यातल्याच एकाला निवडतात. रोजचं काम पगारी प्रशासक पाहतो. पोलीस गावाचे स्वतःचे. आगीचं दल स्वयंसेवकांच्या बळावर उभं राहिलेलं. नवं बांधकाम, रस्त्याची आखणी, कुठे दुकानं आणि कुठे घरं, हे नियोजन मंडळ ठरवतं. पीटर कॅन्टू कित्येक दशकं या कमिटीवर होते आणि त्यातला बराचसा काळ मेयर. नूरुन नबी हे बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लढलेले, पुढे अमेरिकेत शास्त्रज्ञ म्हणून काम केलेले गृहस्थ. तेही वर्षानुवर्षं कमिटीवर निवडून आले. २०२० मध्ये बांगलादेश सरकारने त्यांना एकुशे पदक हा मानाचा नागरी सन्मान दिला.

माझं म्हणणं सरळ आहे. गावात इतके भारतीय, त्यात इतके मराठी, पण बैठकीच्या खोलीत आपले चेहरे अगदी मोजके. आपल्या वसाहतीशेजारी काय बांधणार, बसथांबा कुठे असावा, मैदानाचं काय करायचं हे पाच-सात माणसं एका संध्याकाळी ठरवतात आणि खुर्च्या रिकाम्या असतात. हे बदलायला हवं.

---

रानजाई

फार आवडलं लेखन. एल्सीचा दगड मी पाहिला आहे, पण ती कोण, काय, हे कुठे ठाऊक होतं! आमची लेक दुसरीत आहे. तिच्या वर्गात गावाच्या इतिहासावर प्रकल्प आहे, आता तिला रोटोलॅक्टरवरच लिहायला सांगते.

एक विचारायचं होतं ताई. आजूबाजूच्या गावांत भाड्याची घरं शोधूनही सापडत नाहीत आणि प्लेन्सबरोत एवढी संकुलं. असं का झालं? क्रॅनबरी तर पलीकडेच आहे, तिथे अजून जुनी घरं नि शेतंच दिसतात.

---

मिलस्टोनकाठ

रानजाई, लेकीचा प्रकल्प झाला की इथे नक्की सांगा. गावात विकॉफ हाउस नावाचं छोटं संग्रहालय आहे, तिथे तिला जुनी छायाचित्रं पाहता येतील. तिची शाळा विकॉफ असेल तर ते नाव त्याच घराण्यातलं.

तुमचा प्रश्न मोलाचा आहे. कुठे काय बांधायचं हे न्यू जर्सीत प्रत्येक नगरपालिका ठरवते. सत्तरच्या दशकात बऱ्याच गावांनी एकेका घराला एक-दोन एकर जमीन हवीच असे नियम करून ठेवले होते. म्हणजे ज्याच्याकडे तेवढा पैसा नाही त्याला गावात शिरताच येऊ नये. प्लेन्सबरोने दाट वस्तीला आणि भाड्याच्या घरांना वाट दिली. त्याचा फायदा कुणाला झाला? नव्या नोकरीवर, दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसाला. आपल्यातल्या कितीतरी जणांचं अमेरिकेतलं पहिलं घर प्लेन्सबरोतलं आहे, त्याचं मूळ या निर्णयात आहे.

क्रॅनबरीची लोकसंख्या २०२० मध्ये ३,८४२ होती. तिथे जुना मुख्य रस्ता जपला आहे, शेतजमिनी राखल्या आहेत, आणि टर्नपाइक या टोल-महामार्गाच्या ८ए फाट्याकडच्या बाजूला प्रचंड गोदामं आली आहेत. त्या गोदामांच्या कराचा गावाला मोठा आधार आहे. प्रत्येक गावाने वेगळी निवड केली.

---

जुना_जर्सीकर

धागा पाहून राहवलं नाही. आम्ही ऐंशीच्या दशकात आलो. प्लेन्सबरो रोडवरून जाताना दोन्ही बाजूंना मका असायचा आणि मध्येच एकदम अपार्टमेंटची रांग. संध्याकाळी चालायला निघालं तर भेटणाऱ्या भारतीयांची नावंगावं पाठ असायची, इतके आम्ही थोडे. किराण्यासाठी एडिसन-इसेलीनकडे जावं लागायचं. तिथला देशी दुकानांचा ओक ट्री रोडही तेव्हा आजच्यासारखा फुललेला नव्हता. कोण जाणार असेल तो सगळ्यांची यादी घेऊन जायचा : तूरडाळ, पोहे, गोडा मसाल्याचं सामान. गणपतीची आरती कुणाच्या तरी दिवाणखान्यात, आणि गर्दी वाढली की संकुलाच्या क्लबहाउसमध्ये.

मिलस्टोनकाठ म्हणतात ते खरं आहे, हे गाव भाडेकरूंचं. त्यामुळेच एक गोष्ट घडत आली. माणूस इथे येतो, मूल शाळेत जाईपर्यंत किंवा ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत राहतो, मग घर घ्यायला वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक, मन्रो, रॉबिन्सव्हिल असा पांगतो. आमच्याबरोबरचे बहुतेक पांगले. आम्ही राहिलो. मुळं रुजायला वेळ लागतो, आणि इथल्या लोकांना तो वेळच मिळत नाही. बैठकांना गर्दी नसण्याचं हेही कारण आहे, नुसती बेपर्वाई म्हणून सोडून देऊ नका.

---

खटपट्या

काका, तुमच्याशी सहमत. आणखी एक कारण सांगतो, ते कायद्यात आहे.

कुठे नवी इमारत किंवा दुकान व्हायचं असेल तर नियोजन मंडळापुढे सुनावणी होते. त्या जागेपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्यांना अर्जदाराने निदान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस मालकाला जाते. तुम्ही त्या संकुलात पंधरा वर्षं भाड्याने राहत असलात तरी पत्र कंपनीच्या कचेरीत पोचतं, तुमच्या दारात नाही. म्हणजे ज्याच्या खिडकीसमोर खोदकाम सुरू होणार त्याला ते वर्तमानपत्रातल्या बारीक छापाच्या जाहिरातीतून किंवा थेट जेसीबी आल्यावर कळतं. मी एका सुनावणीला गेलो होतो. प्रकल्प तीन मोठ्या संकुलांच्या मधोमध होता. बोलायला उठलेले सगळे बंगलेवाले. त्यांचं म्हणणं चांगलं होतं, अभ्यास करून आले होते. पण संध्याकाळी बससाठी त्या रस्त्यावरून चालत जाणारा एकही माणूस बोलला नाही, आणि पदपथाचा विषय निघालाच नाही.

यावर उपाय एवढाच की संकुलातल्या कुणीतरी गावाच्या संकेतस्थळावरचा अजेंडा वाचायचा आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचा. आम्ही आमच्यापुरतं सुरू केलंय.

---

नवखा_पाहुणा

मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, नुकताच आलो. प्रश्न भाबडा वाटला तर क्षमा करा. मला मतदान करता येत नाही. मग मी बैठकीला जाऊन बोललो तर ऐकतील का? काही अडचण तर येणार नाही ना, याचीही धास्ती वाटते.

---

मिलस्टोनकाठ

अजिबात भाबडा नाही. हा प्रश्न मनात असणारे शेकडो आहेत, विचारत कुणी नाही.

मतदान नागरिकांनाच. ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही. तिथे चुकूनही नाव नोंदवू नका, ते फार महागात पडतं. पण बैठकीला जाणं आणि बोलणं वेगळं. न्यू जर्सीचा खुल्या बैठकांचा कायदा १९७५ चा आहे. त्यानुसार नगरपालिकेच्या आणि शाळा मंडळाच्या बैठकीत लोकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावाच लागतो. उठायचं, माइकपाशी जायचं, नाव आणि राहण्याचं ठिकाण सांगायचं आणि मुद्दा मांडायचा. व्हिसा कुठला हे कुणी विचारत नाही. वेळ मोजका असतो, म्हणून दोन-तीन मिनिटांत सांगता येईल एवढंच लिहून न्या. एकच मुद्दा, जागेच्या नावासकट. "हंटर्स ग्लेनच्या फाटकासमोर रस्ता ओलांडायला दिवा हवा" असं म्हणालात तर कुणीतरी टिपून घेतं. "वाहतूक फार वाढली आहे" एवढंच म्हणालात तर मान डोलावतात आणि पुढचा विषय घेतात.

आणि कराचा विषय मनातून काढून टाका. भाडेकरू कर भरत नाही हा समज चुकीचा आहे. संकुलाचा मालक प्रॉपर्टी टॅक्स भरतो तो तुमच्या भाड्यातूनच.

---

गोदातीर

मी नाशिक जिल्ह्यातला, माझे वडील गावी ग्रामपंचायत सदस्य होते. इथल्या कमिटीचं वाचून ओळखीचं वाटलं. सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडायचा ही आपल्याकडची जुनी पद्धत. २०१७ मध्ये महाराष्ट्रात थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. दोन्ही पद्धतींचे फायदे-तोटे आम्ही घरात जेवताना ऐकत आलो. सदस्यांनी निवडलेला सरपंच सदस्यांना सांभाळून राहतो, थेट निवडलेल्याचं बहुमताशी पटेलच असं नाही.

इथे मला जे पटलं ते प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. आम्ही टाउनहाउस घेतलं तेव्हा पहिलं बिल नीट वाचलं. वर्षातून चार हप्ते : फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला. काउंटीला किती, शाळेला किती, गावाला किती, मोकळ्या जमिनी राखायला किती, सगळं ओळीने लिहिलेलं. निम्म्याहून जास्त शाळेला जातं. गावाचा स्वतःचा वाटा त्यामानाने लहान. त्यामुळे कर वाढला की लोक मेयरवर चिडतात, पण खरा आकडा शाळा मंडळाच्या बैठकीत ठरलेला असतो. तिथे जायला हवं.

---

सांजवेळ

शाळेचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझी दोन्ही मुलं याच शाळांतून शिकली.

वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या दोन गावांचा शाळा जिल्हा एकच. दहा शाळा, दोन हायस्कुलं. 'साउथ' नावाचं वेस्ट विंडसरमध्ये, ते १९७३ चं. 'नॉर्थ' नावाचं प्लेन्सबरोत, ते १९९७ चं. मंडळावर नऊ जण, पाच वेस्ट विंडसरचे आणि चार आपले, लोकसंख्येच्या प्रमाणात.

२०१५ च्या शरद ऋतूत शाळा जिल्ह्याचे अधीक्षक डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आदल्या शैक्षणिक वर्षात १२० मुलांची मानसिक आरोग्याची तपासणी करून घ्या असं सुचवावं लागलं होतं, आणि ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. मुलांच्या लेखनातली वाक्यंही त्यात होती. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि खाली बसले. मग हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठ नाही असं ठरलं, चौथी-पाचवीतल्या वेगवान गणिताच्या वर्गांना कात्री लागली. जिल्ह्यातली ६५ टक्क्यांच्या आसपास मुलं तेव्हा आशियाई वंशाची होती. बैठकांत उभी फूट पडली. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी आली.

त्या दिवसांत आपल्या लोकांचा सूर होता की हे आपल्या मुलांचं नुकसान चाललंय, दर्जा खाली आणतायत. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की अधीक्षकांचं बरोबर होतं. माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी रोज रात्री दोन वाजेपर्यंत जागायची, आणि तिची आई ते कौतुकाने सांगायची.

---

खटपट्या

सांजवेळताई, तुमचं म्हणणं काळजाला भिडणारं आहे, पण दुसरी बाजू मांडतो. ज्या पालकांनी विरोध केला ते सगळे मुलांना घाण्याला जुंपणारे नव्हते. माझ्या मुलाला गणित मनापासून आवडायचं. वर्गात तो कंटाळून जायचा. वेगवान वर्ग गेला आणि त्याची गोडी गेली. बाहेरच्या शिकवण्या मात्र वाढल्या. ज्यांना परवडतात त्यांची मुलं तेच गणित शनिवार-रविवारी शिकू लागली, ज्यांना परवडत नाहीत ती मागे राहिली. शाळेतलं ओझं उतरलं ते बाजारात गेलं, मुलाच्या पाठीवरून उतरलं नाही. बैठकीत मी हेच बोललो होतो.

---

सांजवेळ

शिकवण्यांचं तुमचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या शिकवण्यांना मुलांना पाठवणारे आपणच होतो. शाळेने पाऊल मागे घेतलं तेव्हा घरानेही थोडं घ्यायला हवं होतं. दिवाळीची सुट्टी शाळेने दिली तेव्हा आपण सगळे खूश झालो. तीही मागणी लोकांनी बैठकांना जाऊनच लावून धरली होती. तेवढ्याच जिव्हाळ्याने मुलांच्या झोपेबद्दल बोलायला कितीसे गेलो? मतभेद असू देत, पण त्या खोलीत तुम्ही होतात हे मला आवडलं.

---

रानजाई

दोघांचंही वाचून विचारात पडले. लेक दुसरीतच आहे, आतापासून हे मनात ठेवायला हवं.

जरा वेगळं लिहिते. इथलं वाचनालय हे मला या गावातलं सर्वांत मोठं सुख वाटतं. व्हिलेज सेंटरमधली आत्ताची इमारत २०१० ची. भाड्याच्या दोन खोल्यांच्या घरात पावसाळी शनिवार काढणं अवघड जातं, तेव्हा आम्ही सकाळीच तिथे. भिंतींवर स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं असतात. सासूबाई भारतातून सहा महिन्यांसाठी येतात. त्यांना गाडी येत नाही, इंग्रजी बेताचं. पण त्या एकट्या चालत वाचनालयात जातात, तिथे बडोद्याच्या आणि चेन्नईच्या आज्या भेटतात, आणि तीन भाषांत मिळून गप्पा रंगतात. "इथे मला कुणी काही विचारत नाही, बसू देतात," असं त्या म्हणतात.

दुसरी जागा प्लेन्सबरो प्रिझर्व्ह, म्हणजे राखलेलं रान. मधोमध पन्नास एकरांचं मॅककॉर्मॅक तळं. तिथे पूर्वी वाळू-खडीची खाण होती, खणलेल्या जागी पाणी साठून तळं झालं. हिवाळ्यात बदकं उतरतात. पायवाट सपाट आहे, वयस्कर माणसांनाही जमते.

---

जुना_जर्सीकर

वाचनालयाबरोबर आणखी एक जागा सांगा मुलांना. प्लाझ्मा भौतिकीची प्रयोगशाळा. नाव प्रिन्स्टनचं असलं तरी ती प्लेन्सबरोच्या हद्दीत, फॉरेस्टल कॅम्पसवर. लायमन स्पिट्झर यांनी १९५१ मध्ये तिची सुरुवात केली. सूर्यात जी अणुसंमीलनाची क्रिया चालते ती इथे पृथ्वीवर घडवायची खटपट. १९९४ साली तिथल्या टोकामाक या संमीलनाच्या यंत्राने १ कोटी ७ लाख वॅट इतकी संमीलनाची शक्ती निर्माण केली, तेव्हाचा तो जागतिक विक्रम. हिवाळ्यात शनिवारी सकाळी सर्वांसाठी विज्ञानाची व्याख्यानं असतात, विनामूल्य. आमचा मुलगा आठवीत असताना पहिल्या रांगेत बसायचा. आज तो अभियंता आहे आणि त्याचं बीज त्या शनिवारांत आहे असं तोच सांगतो. गुणपत्रिकेसाठी नव्हे, नुसत्या कुतूहलासाठी मुलाला कुठे न्यायचं असेल तर ही जागा. सांजवेळ आणि खटपट्या, तुम्हां दोघांनाही हे पटेल.

---

नवखा_पाहुणा

सगळ्यांचे आभार, धीर आला. एक व्यावहारिक शंका. प्रिन्स्टन जंक्शनला गाडी लावायचं काय? कुणी म्हणतं जागा मिळत नाही.

---

गोदातीर

स्थानक वेस्ट विंडसरमध्ये आहे, त्यामुळे तिथल्या रहिवाशांचे वाहनतळ वेगळे, आपल्याला ते मिळत नाहीत. बाकीच्यांसाठी एनजे ट्रान्झिटचा, म्हणजे राज्याच्या रेल्वे-बस सेवेचा तळ. पूर्वी परवान्याच्या यादीत लोक वर्षानुवर्षं ताटकळत. घरून काम सुरू झाल्यापासून तो जाच बराच कमी झाला. तुम्ही ऑफिसला आठवड्यातून दोन-तीनदाच जात असाल तर शेजाऱ्याबरोबर गाडी वाटून घ्या, आमच्या संकुलात बरेच जण तसंच करतात. आणि पाहा, हाही गावांच्या हद्दींचाच प्रश्न. रेल्वे सगळ्यांची, पण गाडी उभी करायची जमीन एका गावाची.

---

खटपट्या

हद्दींवरून आठवलं, परवडणाऱ्या घरांचा विषय राहिला. माउंट लॉरेल हीसुद्धा न्यू जर्सीतली एक टाउनशिपच. तिच्याविरुद्धच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये, आणि पुन्हा १९८३ मध्ये, सांगितलं की प्रत्येक गावाने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आपल्या वाट्याची घरं होऊ दिलीच पाहिजेत. मिडलसेक्स काउंटीतल्या २३ नगरपालिकांवर १९७४ मध्ये असाच दावा झाला होता, त्यात प्लेन्सबरोही होतं. २०२४ मध्ये नवा कायदा झाला, आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांचा वाटा प्रत्येक गावाला ठरवून दिला गेला.

यावर आपल्याच लोकांचे संदेश वाचले : "गर्दी वाढेल, शाळांचं रँकिंग घसरेल, विरोध करा." मला हे फार लागलं. आपण ज्या घरांत पहिल्यांदा उतरलो ती घरं कुणीतरी बांधू दिली म्हणून उतरलो ना? त्या घरांत येणार कोण तर रुग्णालयातले मदतनीस, शाळेच्या बसचे चालक, दुकानात काम करणाऱ्या बायका. ही माणसं आज ट्रेन्टन आणि न्यू ब्रन्सविकहून दोन-दोन बस बदलून इथे येतात.

---

मिलस्टोनकाठ

खटपट्या, शंभर टक्के. घरांच्या योजनेवर काम चालूच राहणार आहे आणि प्रत्येक प्रकल्प नियोजन मंडळापुढे येणार आहे. तिथे विरोधाचा आवाज नेहमी येतो, बाजूने बोलणारं कुणी नसतं.

नवखा_पाहुणा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुढच्या बैठकीचा अजेंडा गावाच्या संकेतस्थळावर लागला की मी इथे टाकीन. बैठकीची इमारत वाचनालयापासून जवळच आहे, पार्किंगला पैसे नाहीत. खटपट्या आणि मी मागच्या रांगेत डाव्या बाजूला बसतो. पहिल्या वेळी बोलायलाच हवं असं नाही, नुसतं ऐकून जा. रानजाई, सासूबाईंना यायचं असेल तर त्यांनाही आणा. वाचनालयाच्या वाटेवर बाक हवेत असं त्या मागे म्हणाल्या होत्या ना, ते त्यांनी मराठीत सांगितलं तरी चालेल, मी इंग्रजीत मांडीन.